सीटखालचं बटण

पारनेरच्या बाजारातून मोटारसायकली एकामागून एक चोरीला जायला लागल्या तेव्हा बजरंगची झोप उडाली. गाडी नवी, काळीभोर. पोळ्याला बैल धुवावा तसा तो तिला दर रविवारी धुवायचा. हँडल लॉक होतं, साखळी होती, पण एवढ्यावर त्याचा जीव काही थाऱ्यावर येईना. शेवटी तो मिस्त्रीकडे गेला.

"हँडल लॉक तर पोरंसोरं बी तोडत्यात," मिस्त्री म्हणाला. "चोरबटन बसवून घ्या."

सीटखाली, डोळ्याला दिसणार नाही पण हाताला सापडेल अशा जागी त्याने एक बारीकसं बटण बसवून दिलं. ते बंद असलं की किल्ली फिरते, दिवा लागतो, किकही बसते, पण इंजिन काही पेटत नाही. चोर घाम गाळतो आणि दुसरी गाडी बघतो.

आता खरं सांगायचं तर बजरंगच्या मनात चोरापेक्षा धाकटा भाऊ अंगद जास्त होता. अंगद खिळ्यावरची किल्ली न विचारता घ्यायचा, गावभर फिरायचा आणि टाकी कोरडी करून गाडी दारात लावायचा. बोलायला जावं तर, "गाडी काय एकट्याची हाय व्हय?" म्हणून मोकळा. तेव्हा बजरंगने बटणाची गोष्ट घरात काढलीच नाही. बायकोला, रोहिणीलाही सांगितलं नाही. अंगदने 'वहिनी' म्हणून नुसती हाक मारली की ती विरघळायची.

मग रोजची मजा सुरू झाली. अंगद किक मारमारून घामाघूम व्हायचा. बजरंग सावकाश बाहेर यायचा, सीटवर फडकं मारल्यासारखं करून हात खाली घालायचा आणि एका किकमध्ये गाडी चालू करायचा.

"तुझा पायच बसत न्हाई तिला," असं वर म्हणायचा. आणि त्याला बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

वडिलांच्या नजरेतून मात्र हे सुटलं नव्हतं. सहादेव अण्णा दिवसभर ओट्यावर बसलेले असत. थोरल्याचा हात कुठे जातो ते त्यांनी दोन दिवसांत हेरलं.

"बजरंगा, दाराला कडी घालावी," ते म्हणाले. "पन घरातल्या मानसाला कडी ठाऊक असावी."

"अण्णा, अंगदाला सांगायचं न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय तुमाला."

अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही. एरवी ते वेळ पडली तर थापही मारत, पण पोराच्या गळ्याची आण मोडली की ती पोराच्याच जिवावर येते असं मानणारी त्यांची पिढी. बजरंगला ते पक्कं माहीत होतं. म्हणून तर त्याने आण घातली.

कांद्याच्या लिलावाच्या दिवशी तो शेजारच्या रामहरीच्या टेम्पोतून पारनेरला गेला. गाडी दारात, बटण बंद. लिलावाच्या गर्दीत फोन वाजला. अंगदचा.

आज कुणाच्या तरी हळदीला जायचं असणार साहेबांना, आणि गाडी चालू होत नसणार, असं म्हणून बजरंग गालात हसला. त्याने फोन परत खिशात टाकला. पुन्हा वाजला तेव्हा आवाज बंद केला. थोड्या वेळाने बघितलं तर रोहिणीचा फोन. वहिनीला मधे घातलं वाटतं, असं म्हणून त्याने तोही कापला. हे सगळं त्याने शुद्धीत, हातात चहाचा कप धरून केलं.

माल विकून झाल्यावर रामहरी फोन कानाला लावूनच त्याच्याकडे आला.

"बजरंग, तुला किती फोन केले म्हनं घरनं. अण्णांना झटका आलाय."

तो दवाखान्यात पोचला तेव्हा अण्णा खाटेवर होते. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात मेल्यासारखा पडलेला. डॉक्टर एवढंच म्हणाले की, आणायला उशीर झाला, लवकर आणलं असतं तर फरक पडला असता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बजरंगला बरं वाटलं असतं.

व्हरांड्यात अंगदने सगळं सांगितलं. बोलताना तो वर बघत नव्हता.

"जेवता जेवता भाकर पडली हातातनं. बोलाया गेले तर शब्दच न्हाई. अँब्युलन्सला फोन लावला, ती लई लांब हुती. मंग आमी त्यांना गाडीवर बसवलं, मागं वहिनी धरून बसली. मी किकवर किक मारतोय, दादा, पन चालूच व्हईना. आन् अण्णा सारखा डावा हात सीटखाली घालायचे. आमाला वाटलं, पडायचं भ्या वाटतंय, धराया बघतायत. वहिनीनं तो हात सोडवला आन् माझ्या कमरंला धराया लावला."

बजरंग भिंतीला टेकला.

"तरी हात परत तिथंच जायचा," अंगद म्हणाला. "मंग खाटंवर घालून रस्त्यापातुर नेलं. दुधाचा टेम्पो मिळाला तवा निघालो."

अण्णा हात कशासाठी घालत होते ते जगात एकट्या बजरंगला कळलं होतं. सांगायला आण आडवी होती, त्यात वाचाही गेलेली, पण बटण आपल्या हाताने दाबायला नव्हती. म्हातारा थोरल्याच्या गळ्यालाही जपत होता आणि स्वतःचा जीवही वाचवू बघत होता. बजरंगला स्वतःची शिसारी आली. तरी तोंड उघडलं नाही.

अण्णांना घरी आणल्यावर पाहुणे भेटायला यायला लागले. दारात गाडी असून पोराला चालू करता आली नाही, असं जो तो अंगदच्या तोंडावर म्हणायचा. अंगद ऐकून घ्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे तर चोर पाहुण्यांना चहा देत होता.

एकदा बजरंगने त्याला म्हणून बघितलं, "प्लग खराब झाला हुता रे त्या दिवशी."

"तू दुसऱ्या दिवशी एका किकमधे चालू केलीस की," अंगद म्हणाला. "माझाच पाय बसत न्हाई तिला. तूच म्हनायचास."

त्यानंतर त्याने गाडीला हात लावला नाही. पण एक दिवस अण्णांचं औषध संपलं. बजरंग ओट्यावर त्यांच्या खाटेशी पाय चोळत बसला होता. अंगद किल्ली घेऊन समोर आला.

"दादा, तेवढी चालू करून देतोस का? बंद न करता जाऊन येतो."

ज्या पोराने कधी विचारून किल्ली घेतली नाही, तो एवढ्या गरिबीने विचारत होता. बजरंगला ते सोसवलं नाही. तो उठला, अंगदचं मनगट धरून त्याला गाडीशी नेलं आणि त्याचा हात सीटखाली घातला.

"बोट लाव. लागलं? दाब."

बारीक 'टक्' झालं.

"आता मार किक."

पहिल्या किकमध्ये गाडी पेटली. अंगद तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने खाटेवरच्या अण्णांकडे बघितलं, त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. किल्ली फिरवून त्याने गाडी बंद केली.

"एवढंच हुतं?" तो म्हणाला.

"एवढंच."

"आन् फोन?"

खोटं बोलायला जागा होती. बाजारात गलका होता, ऐकू आला नाही, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"बघितला हुता," बजरंग म्हणाला. "तू गाडी मागतोयस असं वाटलं. बघूनच उचलला न्हाई. रोहिणीचा बी."

अंगद ओरडला नाही, अंगावर आला नाही. त्याने किल्ली अण्णांच्या उशाशी ठेवली, औषधाची चिठ्ठी खिशात घातली आणि फाट्याच्या दिशेने पायीच निघाला. रोहिणी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली.

बजरंग खाटेशी खाली बसला. अण्णांचा डावा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अण्णा, शपथ सुटली," तो म्हणाला. "सांगा आता. कुनालाबी सांगा. मला शिव्या द्या."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, घशातून घरघर आली. त्यांनी पुन्हा जोर केला, पुन्हा केला. कितीतरी वेळ ते काहीतरी सांगू बघत होते, आणि बजरंग कान त्यांच्या तोंडाशी नेऊन तसाच बसून राहिला.