जामिनाचा काना

धंतोलीतल्या दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे झगे सिंधूताई शिवायची. पण ज्या मशीनवर शिवायची, ती काही तिची नव्हती. सदर बाजारातल्या एका दुकानदाराकडून भाड्यानं आणलेली. महिना उजाडला की आधी त्याचं भाडं, मग घरचं मीठ-मिरची. त्यात मशीन अशी नखरेल, की चार चादरी झाल्या की दोरा तोडून बसलीच! सिंधूताई उसासा टाकायची, दोरा ओवायची. पुन्हा खडखड.

बँका सरकारी होऊन दोनेक वर्षं झाली होती. शेजारची शोभाताई म्हणाली, "अवं, ब्यांक आता आपल्यासारख्यालेही पैसे देते म्हणते. जाऊन तं पाह्य!"

म्हणून ती गेली.

मॅनेजर रामनाथन मद्रासकडचे. मराठी बोलायची भारी हौस, पण शब्दातला काना मध्येच कुठे गडप व्हायचा, देव जाणे. "बाई, कम काय करता?" त्यांनी विचारलं. सिंधूताईनं अंदाजानं सांगितलं, "शिवणकाम." साहेब खूश! मग त्यांनी भाषणच ठोकलं. देश शंभर रुपये कमावतो, तर लोकांच्या धंद्यात बँकेचं कर्ज जेमतेम दहा-बारा रुपये. आणि तेही मोठमोठ्या गिरणीवाल्यांच्या घशात. चादरी शिवणारीपर्यंत पैसा पोचला नाही, तर देश वाढायचा कसा? सिंधूताई मान डोलावत राहिली. एवढा वेळ नुसतं बसायला मिळालं, हेच तिला बरं वाटत होतं.

"मशीनसाठी कर्ज देतो," साहेब म्हणाले. "फक्त एक जमीन आणा."

"जमीन? थे कुठून आणू, साहेब?"

"घरचं कुणी देईल की. भऊ असेल ना?"

भाऊ होता. रुपराव, काटोलकडच्या गावात शाळामास्तर. वडिलांचं वावर त्याच्याच नावावर. सिंधूताईनं आजवर त्यातलं ढेकूळही मागितलं नव्हतं. एसटीत बसून तिनं बोलायचं वाक्य घोकलं, आणि ओसरीवर टेकल्या टेकल्या बोलून टाकलं.

"अवं माय!" वहिनी, जयवंता, दारातूनच कडाडली. "लुगडं-चोळी कमी पडली काय वं, आता वावरही पाहिजे?"

"तू थांब," रुपराव म्हणाला. मग बहिणीकडे न बघता, "मागाचंच होतं तं बाबा असताना मागाचं होतं, सिंधू. आता काहून?"

"मशीनसाठी, दादा. ब्यांकवाले मागून राहिले."

तो तसाच उठला. तिला घेऊन तलाठ्याकडे गेला, एक एकर बहिणीच्या नावानं करून देतो असं लिहून दिलं. परतताना तो तिच्यापुढे चालत होता, भराभर. पोचवायला फाट्यापर्यंतही आला नाही.

साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे शेत कशाला?"

"तुम्हीच म्हणले ना, जमीन आणा म्हणून!"

"ही जमीन नाही हो! जमीन! सही करणारा मणूस!"

शेजारच्या टेबलावरचा कारकून फिस्सकन हसला. "जामीन म्हणायचंय साहेबांना, ताई. जामीन!"

"भऊ काय करतो?" साहेबांनी ओशाळून विचारलं.

"मास्तर हाये."

"अरे, पगारदार! मग त्याची एक सही पुरे होती."

सिंधूताईला राग आला नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो. तिनं कोरा फॉर्म आणि तो कागद पदरात गुंडाळला आणि पुन्हा काटोलची एसटी धरली.

"दादा, हे फाडून टाक," तिनं कागद पुढे केला. "जामीन पाहिजे होता. मले जमीन ऐकू आलं."

रुपरावनं फॉर्म नीट वाचला, वळणदार अक्षरात सही केली, शाई वाळेस्तोवर फुंकर घातली. मग शेताचा कागद फाडला. "हे तं फाडलं," तो म्हणाला, "पण तू मागितलं होतं, थे कसं फाडू?"

सिंधूताईनं फॉर्म पदरात बांधला. मशीन मिळणार होती, स्वतःची. 

या घरात ती नेहमी थेट चुलीपाशी जायची आणि आपला चहा आपणच गाळून घ्यायची. आज जयवंता चहा ओसरीवर घेऊन आली, पाहुण्यांच्या कपबशीत.

"घ्या, ताई," ती म्हणाली, अगदी अदबीनं.

सिंधूताईनं कप घेतला. चहात साखरही पाहुण्याइतकीच होती, जास्त.