कचेरी, सकाळी दहा वाजता

तंजावुरात थंडी पडत नाही. आम्ही ती दर वर्षी ठरवून आणतो. मार्गळी महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, लागला, की गल्लीतले समस्त मामालोक कानाला मफलर गुंडाळून पहाटेच्या भजनाला निघतात. मफलरखाली उघडेबंब असतात, पण मफलर हवाच. मग "काय गारठा!" म्हणायचं आणि त्याच मफलरनं गळ्याचा घाम टिपायचा.

पोरींचे ऋतू मात्र केसांवरून ओळखावेत. उन्हाळ्यात मोगरा, एरवी कनकांबरं, म्हणजे अबोली, आणि मार्गळीत डिसेंबर फुलं. ही जांभळी असतात, वास शून्य, पण याच दिवसांत मिळतात म्हणून भाव खातात. एवढीच आमची मोसमी फॅशन. करमणूक म्हणाल तर ब्लाउजला जुळता कपडा शोधत मॅचिंग सेंटरं पालथी घालणं आणि काहीही न घेता घरी येणं. त्यात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, जिथं मराठी राजांच्या वेळेपासून आम्ही मराठी बोलतो, केबल टीव्ही आला. मुंबई-दिल्लीच्या पोरी विंटर कलेक्शन घालून माझ्यापुढे येरझारा घालू लागल्या, आणि मला कळलं की जग कुठल्या कुठे गेलं आणि मी अजून दावणीत.

दावणी म्हणजे घागऱ्यावरची अर्धी साडी. दिसायला गोड, पण सायकलच्या चाकाला फार आवडते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आल्यापासून मी तिच्यापायी दोनदा भर रस्त्यात लोळण घेतली होती. वर्गातल्या निम्म्या पोरी चुडीदार घालून झोकात यायच्या. (आमच्याकडे सलवार-कमीजला चुडीदारच म्हणतात, पायाला चुण्या असोत नसोत.) मला चुडीदार हवी होती. दुसरं काहीही नको होतं, खरंच सांगते.

आडवी आली अम्मा. माझी अम्मा, अंबुजा, गाणं शिकवते, गाण्याच्या कचेऱ्या करते. मी आठवीत गाणं सोडलं, तेव्हापासून माझ्या प्रत्येक हौसेकडे ती सवतीकडे पाहावं तशी पाहते.

"चुडीदार घालून मैफिलीस बसतां येतें कां?" ती विचारायची.

"मी कुठं मैफिलीस बसत्यें, अम्मा?"

"तेंच तर दुःख," म्हणून ती तंबोरा लावायला बसायची.

कापडाचा तुटवडा मात्र आमच्या घरात नव्हता. कचेरी संपली की गाणाऱ्याला पोन्नाडै पांघरतात, म्हणजे मानाची शाल, जरीच्या काठाची. ती दहा मिनिटं अंगावर राहते आणि जन्मभर घरात. आमच्या टीव्हीवर शाल, मिक्सरवर शाल, पिठाच्या डब्यावर शाल. आमच्या घरात मिक्सरचा जितका सत्कार झालाय तितका एखाद्या मंत्र्याचाही झाला नसेल. उरलेल्या शाली पेटीत.

एवढं भरजरी कापड पेटीत निजलंय आणि मी दावणीत पडतेय, हे मला सहन होईना. मी अम्माला म्हटलं, "आमच्या कालेजांत कॉम्प्युटर आलाय, एकुलता एक. त्यास झाकाया एक शाल दे की." कॉलेजातला कॉम्प्युटर हे खरं होतं. त्याला एसीच्या खोलीत ठेवलं होतं आणि चपला बाहेर काढून त्याचं दर्शन घ्यावं लागे. अम्माला इतका अभिमान वाटला, की म्हणाली, "तूंच पेटींतून घे." मी शहाणपण केलं आणि तळाची, सगळ्यांत जुनी घेतली. जुनी म्हणजे नको असलेली, असा माझा हिशेब. डाळिंबी रंग, काठावर मोर. गुरुमूर्ती टेलरनं तिची अशी फक्कड कमीज बेतली, की मोर बरोब्बर पाठीवर येऊन बसला.

आता घालायची कुठं?

त्याच आठवड्यात कॉलेजच्या फळ्यावर जाहिरात लागली. सोलापूरच्या 'शिशिर वूलन्स' या कंपनीनं तंजावुरात शाखा उघडली होती. नवं वारं सुटलं होतं, जो उठेल तो कुठंही शाखा उघडत होता. पण तंजावुरात स्वेटर विकायचे म्हणजे धाडसच. 'या मोसमात तरुणाईनं काय घालावं' हे सांगणारी विद्यार्थिनी हवी होती. मी एसटीडी बूथवरून फोन लावला. मॅनेजरचं नाव अनिरुद्धराव, सोलापुराहून नुकतेच आलेले. इंग्रजीत दोन वाक्यं झाली आणि मी म्हटलं, "मला मराठी येत्ये."

पलीकडे माणूस हर्षवायूनं पडायचाच राहिला. "अहो, मग फोनवर कशाला? उद्या सकाळी दहाला आमच्या कचेरीतच या!"

"कचेरी?" मी विचारलं. "सकाळीं?"

"सकाळीच की. रोज असते. रविवार सोडून."

"रोज? आणि किती वेळ?"

"दहा ते सहा. मधे जेवायची सुट्टी. आईंनाही घेऊन या, त्यांचीही ओळख होईल. आणि तुमचं काहीतरी काम दाखवायला आणा."

मी फोन ठेवला तो भारावून. दहा ते सहा! तिरुवैयारूच्या उत्सवातच काय ते असं दिवसभर गातात. पण नवल वाटलं नाही, कारण मार्गळी म्हणजे गाण्याचाच मोसम, आणि त्या वर्षी कॉफीपूडवाल्यापासून बनियनवाल्यापर्यंत सगळेच कचेऱ्या ठेवीत होते. स्वेटरवाल्यानं का ठेवू नये? कचेरी म्हणजे गाण्याची मैफल, याखेरीज तिचा दुसरा काही अर्थ असेल असं आमच्या गल्लीत कुणाच्या बापालाही वाटलं नसतं.

हे आमंत्रण सांगितल्यावर अम्माचा चेहरा असा उजळला, की मला माझं भाग्य दिसू लागलं. मी लगेच पुडी सोडली, "कंपनीचा नियम आहे, मीं चुडीदारींत यावें."

अम्मानं मला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाली, "माझे मागें तंबोरा घेऊन बैस. शेवटचें मंगळम् होईस्तोवर बोटं थांबलीं नाहींत, तर परवांपासून कालेजास चुडीदार. थांबलीं, तर जन्मभर दावणी, आणि पुन्हा तें नांव काढायाचें नाहीं. कबूल?"

"कबूल!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दहाच्या ठोक्याला हजर. अम्मा कांजीवरम रेशमात, नाकात दोन्हीकडे हिरे, डोक्यावर फुलांचं शेत. मृदंग घेऊन माझा मामा कृष्णमूर्ती, त्यानं पोस्टात रजा टाकली होती. मी डाळिंबी कमीजवर पांढरी ओढणी मानेपासून गुडघ्यापर्यंत गच्च लपेटलेली. "थंडी वाजत्ये," मी म्हटलं होतं, आणि मार्गळीत असं म्हटलं की आमच्याकडे कुणी शंका घेत नाही.

अनिरुद्धराव दारात उभे होते. कंपनीचं धोरण म्हणून त्यांनी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता, आणि डोक्यावर पंखा पाचावर सोडला होता. तरी घामाच्या धारा. त्यांनी हात पसरून टेबल, टाइपरायटर आणि स्वेटरच्या खोक्यांकडे दाखवलं. "या, या! ही आमची कचेरी. लहानच आहे."

अम्मानं नजर फिरवली. "लहान कचेरी तर लहान. माइक नक्को आम्हांस." मग तिनं टेबल भिंतीला लावायला सांगितलं, खोकी सरकवली, सतरंजी पसरली आणि बसली. मामानं मृदंगावर थाप मारली. अनिरुद्धराव तोंड उघडं टाकून पाहत राहिले. पुढे ते मला म्हणाले, की दक्षिणेत नोकरीच्या मुलाखतीलाही आधी गाणं लागत असेल असं त्यांना वाटलं. गावात पंधरवडाच झाला होता बिचाऱ्यांना. तेही मांडी घालून बसले. टायपिस्ट राजम आणि दोन कारकून आनंदानं येऊन बसले, कारण काम बंद पडलं होतं.

अम्मा सुरेख गायली. मी तंबोऱ्याच्या चार तारा छेडत राहिले आणि मनात चुडीदारींचे रंग ठरवत होते. तासाभरानं अम्मानं अठाणा घेतला. रागावल्या माणसाला शोभावा असा तो राग. त्यातल्या एका कीर्तनात ती निरवलाला आली. निरवल म्हणजे एकच ओळ धरायची आणि ती नाना तऱ्हांनी आळवत राहायची. घरी अम्मा हे रोज करते. 'दिव्या, भांडीं आवर' ही तिची आवडती ओळ.

आणि पंख्यानं दगा दिला. ओढणीचं एक टोक सुटलं, मग दुसरं, आणि अख्खी ओढणी उडून कोपऱ्यातल्या माकडटोपी घातलेल्या पुतळ्यावर जाऊन पडली. दोन्ही हात तंबोऱ्यात अडकलेले, मी काय करणार? ओढणी कुठून उडाली ते पाहायला अम्मा वळली.

ती थांबली नाही. कचेरीत अम्मा कधीच थांबत नाही. फक्त ओळ बदलली.

"दिव्येऽऽ, माझी शाऽऽल कां कापिलीस?"

मराठी न कळणाऱ्या राजमला वाटलं, जुन्या मराठी राजांच्या काळचं पद आहे. तिनं "भले!" म्हटलं. अम्मानं ओळ वरच्या षड्जावर नेली. "माऽझी शाऽल, माझी पहिलीऽ शाऽल!" मग खालच्या सुरात, अगदी हळू, "तिरुवैयारूऽची शाऽल... एकोणीस वर्षांचीऽ होत्यें मीऽ..."

मला हे ठाऊक नव्हतं. अम्माला मिळालेली पहिली पोन्नाडै ती, माझ्याच वयाची असताना. ती तळाशी होती ती जुनी म्हणून नव्हे, जपलेली म्हणून. मला फार वाईट वाटलं. मी तिथंच रडले असते, पण रडलं की बोटं थांबतात आणि बोटं थांबली की चुडीदार गेली. तेव्हा मी तंबोरा छेडत राहिले आणि रडायच्या ऐवजी, का कोण जाणे, गायले.

"मी नाहीं कापिलीऽऽ, टेलरानें कापिलीऽऽ!"

मामाचा हात मृदंगावर घसरला. अम्मानं डोळे वटारून उत्तर दिलं, "कॉम्प्युटरास म्हणूऽन नेलीस!"

"मला ठाऊक नव्हतेंऽ, अम्माऽऽ, पायां पडत्येंऽऽ!"

हे तीनदा झालं, कारण मामानं सवयीनं तिहाई वाजवली. राजम डोळे पुसत शेजारच्या कारकुनाला म्हणाली, "काय भक्ती!" सगळं समजणारा बाहेरचा माणूस एकच होता, आणि त्यानं तोंडात माकडटोपी कोंबली होती. त्याचे खांदे गदगदत होते.

अम्मानं मंगळम् म्हटलं. मी बोटं थांबवली ती तिनं हात जोडल्यावरच.

अनिरुद्धरावांनी टोपी तोंडातून काढली. "अंबुजाबाई, असं गाणं मी जन्मात ऐकलं नाही. पण कचेरी म्हणजे ऑफिस हो! मी मुलीला ऑफिसात बोलावलं होतं."

अम्मानं टाइपरायटरकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"आणि ती कमीज तुम्ही बेतली?" अनिरुद्धरावांनी मला विचारलं. "स्वेटर इथं कुत्रं विचारत नाही. पण असलं काही खपेल. सोमवारपासून येता का, कॉलेज सुटल्यावर?"

मी हो म्हणाले नाही. अम्माकडे पाहिलं. तेवढ्यात मामानं अनिरुद्धरावांच्या कानाशी लागून सांगितलं, की पोन्नाडै दिल्याशिवाय कचेरी संपत नाही. ते धावले आणि मालातली सगळ्यांत जाड लोकरीची शाल काढून त्यांनी अम्माच्या खांद्यावर घातली. अम्माच्या कपाळावर लगेच घाम डवरला. तिनं शालीचा काठ चिमटीत धरून चोळला आणि उठून माझ्यामागे आली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. तिनं पाठीवरच्या मोरावरून हात फिरवला.

"काखेंत ओढतेंय," ती म्हणाली. "गुरुमूर्तीस उसवाया सांग."

"अम्मा, मी मुद्दाम नाहीं..."

"ठाऊक आहे. सुरांत सांगिटलेंस की. आठवीनंतर आज सुरांत लागलीस." मग म्हणाली, "एकदांच पांघरिली होती मी ती. तूं रोज घाल."

तिनं खांद्यावरची लोकरीची शाल काढून माझ्या हातात कोंबली.

"आणि ही त्या तुझ्या कॉम्प्युटरास नेऊन घाल. खोटें बोललीस तें खरें होऊं दे."

दुसऱ्या दिवशी मी डाळिंबी चुडीदार घालून सायकलवरून एकदाही न पडता कॉलेजला गेले, चपला बाहेर काढल्या आणि एसीच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरला शाल पांघरली. अख्ख्या तंजावुरात खरी थंडी वाजत होती ती त्याला एकट्यालाच.