हातच्याचा झेंडा

डोळे मिटून घ्या. नको, उघडेच ठेवा, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा, की तुम्ही नखाएवढा एक काळा चौकोनी तुकडा आहात आणि तुम्हाला फक्त पन्नास-साठ हुकूम कळतात. 'हा आकडा उचल.' 'त्यातून तो वजा कर.' 'अमुक ओळीवर उडी मार.' बस्स. कुणी 'जरा पाणी आण' म्हटलं तर तुम्ही ढिम्म. पण कळणारा हुकूम पापणी लवायच्या आत पाळता आणि कधी कंटाळत नाही. अशा तुकड्याला प्रोसेसर म्हणतात.

असाच एक प्रोसेसर एका इमारतीची लिफ्ट चालवायचा. तीस वर्षं त्यानं तिला खाली-वर नेलं आणि एके दिवशी तो जळाला. तसा दुसरा आता कुठे बनतही नव्हता. नवा आणला, पण तो वेगळ्या घराण्यातला, त्याचे हुकूम वेगळे. म्हणजे जुन्यासाठी लिहिलेली अकराशे ओळींची यादी नव्याच्या बोलीत उतरवायची, एकेक ओळ करून.

ते काम भिंगरीच्या मावशीनं घेतलं, कारण यंत्रं दुरुस्त करणं हाच तिचा धंदा होता. भिंगरी म्हणजे तिची नऊ वर्षांची भाची. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. आणि मावशीला घाई होती, कारण त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर तिचे वडील, म्हणजे भिंगरीचे आजोबा, अडकून पडले होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एकोणीस दिवस ते खाली उतरले नव्हते. खाली बागेत त्यांचा आणि पोस्टमास्तरांचा बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला होता, आणि पोस्टमास्तर सोमवारी कायमचे मुलीकडे राहायला निघाले होते.

शनिवारी दुपारी मावशीनं आजोबांच्या जेवणाच्या टेबलावर सात दिवे ओळीनं मांडले. तळमजल्याचा एक, वरचे सहा. खऱ्या लिफ्टला हात लावण्याआधी नवा प्रोसेसर या दिव्यांवर चालवून बघायचा होता. तिसऱ्या मजल्याचा दिवा लागलेला होता, म्हणजे लिफ्ट तिथे आहे असं धरायचं. मावशीनं पाचव्या मजल्याचं बटण दाबलं.

दुसरा दिवा लागला. मग पहिला. मग तळमजल्याचा.

"पाचवा वर असतो ना गं?" भिंगरीनं विचारलं.

"काल तरी होता," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा बरं." मावशीनं कागद पुढे ओढले. "तीनदा ताडून पाहिलंय. ओळ न् ओळ बरोबर आहे."

"सगळं बरोबर, तर मग चुकतं कुठे?"

"तेच तर कळत नाहीये."

भिंगरीनं टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "लिफ्टला कसं कळतं, वर जायचं की खाली?"

"वजाबाकी करून. आपण तिसऱ्यावर, जायचं पाचव्यावर. तीनातून पाच वजा होतात का?"

"हातचा घ्यावा लागतो."

"बरोबर. हातचा घेतला की प्रोसेसर आत एक झेंडा वर करतो. झेंडा वर दिसला की लिफ्ट वर."

"मग आपणच करून बघू. तू जुना हो, मी नवा."

मावशीनं जांभई दिली, पण नाही म्हणाली नाही. दोघींनी एकेक रुमाल घेतला. मावशीसमोर जुन्या प्रोसेसरचं जाडजूड पुस्तक, भिंगरीसमोर नव्याचं.

"तीनातून पाच," आजोबांनी हुकूम सोडला.

मावशीनं पुस्तकाकडे न बघताच रुमाल वर केला. भिंगरीनं मात्र वजाबाकीचं पान शोधलं आणि बोट ठेवून वाचू लागली. वाचून झालं, तरी तिचा रुमाल मांडीवरच.

"अगं, वर कर की. हातचा घेतलास ना?"

"घेतला म्हणूनच नाही करत. इथे लिहिलंय, हातचा घ्यावा लागला नाही तर झेंडा वर करायचा. लागला तर खालीच ठेवायचा."

मावशीनं पुस्तक आपल्याकडे ओढलं. ओळ वाचली, परत वाचली, आणि कपाळाला हात लावला. "वीस वर्षं त्या जुन्याबरोबर काढली मी. हे पान उघडलंच नाही. म्हटलं, वजाबाकी ती वजाबाकी, त्यात काय बघायचं?"

"म्हणजे नवा वेडा आहे?"

"छे. त्याच्या घरची रीतच तशी. वेडी मी, न विचारता गृहीत धरलं."

तिनं पेन्सिलीनं 'झेंडा वर असेल तर' खोडलं आणि 'झेंडा खाली असेल तर' लिहिलं. नवा हुकूम प्रोसेसरमध्ये भरून बटण दाबलं. चौथा दिवा लागला. मग पाचवा, आणि तिथेच थांबला.

भिंगरीनं टाळी वाजवली नाही. तिनं विचारलं, "अशा वजाबाक्या अजून किती आहेत?"

दोघींनी अकराशे ओळी धुंडाळल्या. अजून पाच सापडल्या. त्यातली एक दार किती वेळ उघडं ठेवायचं याची होती.

"ती राहिली असती तर माझ्या नाकावर मिटलं असतं," आजोबा म्हणाले.

रविवारी सकाळी वाळूची पोती घालून लिफ्ट दहा वेळा खाली-वर झाली. अकराव्या वेळी पोती बाहेर आणि आजोबा आत. बागेत पोस्टमास्तर पट मांडून बसलेच होते.

"एकोणीस दिवस विचार केलात, आता तरी घोडा हलवा," ते म्हणाले.

आजोबांनी घोडा हलवला. मावशी बाकावर मागे रेलली. तेव्हा तिला दिसलं, की भिंगरीच्या काखेत नव्या प्रोसेसरचं पुस्तक आहे.

"ते कशाला आणलंस? झालं की सगळं."

"वजाबाकीचंच पान वाचलंय आपण," भिंगरी म्हणाली. ती गवतावर मांडी घालून बसली, पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली.