अल्पशा आजाराने

“अल्पसा आजार सांगू नको, भाऊ.” भिकुबाईने रिक्षाचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. “आजारी नही व्हता मना माणूस. काल सकायले दोन भाकरी खाईसन कामले गया.”

अभिमनने हातातला माइक खाली ठेवला. भोंगा अजून चालू केलेला नव्हता.

दोंडाईच्यात माणूस मेला की सोयऱ्यांच्या आधी भोंग्याची रिक्षा फिरते. नाव, गल्ली, अंत्ययात्रेची वेळ आणि मधोमध ते ठरलेलं वाक्य: अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. अभिमनचा आवाज खर्जातला. त्याने सांगितल्याशिवाय गावाला मेलेला माणूस मेल्यासारखा वाटत नसे. फवारणीचं औषध पिऊन गेलेला अल्पशा आजाराने गेला. सासरी जळालेली पोरगीही अल्पशा आजाराने गेली. गावाला हे ठाऊक होतं आणि गावाला हेच हवं होतं. ज्याला त्याला आपल्या घरातलं झाकायचं असतं, दुसऱ्याचं कोण उघडणार?

भिकुबाईच्या नवऱ्याचं, पुनाचं तर पाळीवरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. जिनिंगमध्ये कापूस तुंबला. मशीन बंद न करता साफ कर, म्हणून मुकादम नवल ओरडला. पुनाच्या गळ्यातला रुमाल आत ओढला गेला आणि रुमालामागे पुना. संध्याकाळी जिनिंगच्या फाटकावर एकच बोली ठरली: चक्कर आली, पडला.

“सांगसू मी, अक्का,” अभिमन म्हणाला. “पन उद्या तुले तरास व्हई.”

“मना घरमां आते काय राहिनं, तरास द्याले?”

आनि मना घरमां? हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि रिक्षाला किक मारली.

पहिल्याच चौकात तो बोलला. “भोई गल्लीतील पुना दगडू यांचे काल जिनिंगमध्ये, चालू मशीनमध्ये ओढले जाऊन निधन झाले. मशीन बंद केलेले नव्हते. अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल.”

चहाच्या टपरीवर बोलणं थांबलं. बरं केलंस, असं कोणी म्हणालं नाही. खोटं आहे, असंही कोणी म्हणालं नाही. कापडदुकानाच्या पायरीवरून प्रकाशचंद शेठनी हात केला. जवळ येऊन हळूच म्हणाले, “अभिमन, आपल्या सेलची जाहिरात राहू दे हं. उद्यापासून नको फिरवू.”

“शेठ, मी लबाड बोललो का?”

“खरं आहे म्हणून तर सांगतो. खोटं असतं तर लोक हसले असते.”

स्टेशन रोडला नवलने मोटरसायकल आडवी लावली. उतरला नाही. आरशात भांग बघत म्हणाला, “नाना, आवाज जबरा शे तुमना.”

“मशीन बंद नको करू, आसं तूच बोलना व्हता ना?”

नवल हसला. “बोलाले कोन नही म्हनस, नाना? बोला ना. लोकशाही शे. फक्त पुढला चौकमां जुनं वाक्य बोला. लोकेस्ले त्याचीच सवय शे.”

“आनि नही बोलनू तर?”

“तर काय? काही नही.” त्याने गाडी बाजूला घेतली. “आजार काय सांगीसन येस का, नाना?”

पुढच्या चौकात अभिमनने रिक्षा थांबवली. माइक लांब धरून तो घोटभर पाणी प्याला आणि पहिल्या चौकातलंच वाक्य पुन्हा बोलला. मग प्रत्येक चौकात बोलला. मशीन बंद केलेले नव्हते. मशीन बंद केलेले नव्हते.

दुपारी घरी बायकोने, लताबाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं तेव्हा लांबून भोंगा ऐकू आला. स्वप्नीलची रिक्षा. गावातली दुसरी. तो मोबाइलमध्ये आवाज भरून घ्यायचा आणि नुसता फिरवायचा.

“भोंगावाले अभिमन नथू पाटील यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. अंत्ययात्रेची वेळ नंतर कळवण्यात येईल.”

लताबाई भाकरी हातात घेऊनच दारात धावली. “जिता शे मना माणूस! आंधया व्हयनात का रे? जेवी राहिना तो!”

रिक्षा थांबली नाही. समोरच्या अंगणात भांडी घासणारी बाई उठून आत गेली. एक दार लागलं, मग दुसरं. जित्या माणसाची मयत फिरत होती आणि कोणी हसलं नाही.

त्याने ताटातच हात धुतले. बाहेर हातगाडी येऊन थांबली. तिरडीचं सामान विकणारा जीवराम. गाडीवर दोन लांब बांबू, काथ्या, मडकं.

“फोन उना व्हता,” जीवराम म्हणाला. त्याची नजर अभिमनच्या पायांवर होती. “आठे टाक, सांगं त्यास्नी.”

“कोनी?”

जीवरामने गाडीवरचं मडकं नीट सरकवून ठेवलं.

“पुनाकडे दिधं का सामान?”

“नही, भाऊ. तठे देऊ नको, सांगं.”

अभिमनने चपला पायात सरकवल्या. लताबाईने मागून त्याचा सदरा धरला. “नका जाऊ.” त्याने तो सोडवून घेतला नाही. ती स्वतः सोडेपर्यंत उभा राहिला.

मग त्याने गाडीवरचे बांबू ओढले आणि पुढची टोकं खांद्यावर घेतली. मागची टोकं धरशील का, म्हणून जीवरामकडे पाहिलं. जीवराम काथ्याची गुंडी चाचपत राहिला.

अभिमन एकटाच निघाला. मागची टोकं डांबरावर खरखरत येत होती. बाजारात माणसं न बोलता बाजूला होत गेली. मारुतीच्या पारावरच्या एका म्हाताऱ्याने, प्रेत जाताना काढतात तशी, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

अभिमन पुनाच्या भोई गल्लीकडे वळला.