तोटा क्रमांक चार

डोलोरेस हुडाकची जीभ पहिल्यापासून तिखट. तिचा नवरा स्टॅन सांगायचा की मी भाळलो तो तिच्या जिभेवरच, बाकीचं नंतर पाहिलं. पण स्टॅन गेला, एकुलती एक लेक लिंडसे शिकागोला गेली आणि त्या जिभेला घरात गिऱ्हाईक उरलं नाही. मग दर रविवारी लेकीचा फोन आला की डोलोरेस आठवड्याचा साठा मोकळा करायची. चर्चच्या तळघरात गुरुवारी सगळ्या बायका जमून विकायच्या पिरोग्या भरत, बटाट्याचं सारण घालून कडा दाबत. तिथे कोण काय म्हणालं, कोणाच्या सुनेनं कसं नाक मुरडलं, कोणाच्या हातच्या कुकीजनं कोणाचा दात हलला, असं सगळं तिखटमीठ लावून सांगायची. लिंडसे तिकडे खो खो हसायची, आणि लेकीला आपण अजून हसवू शकतो एवढ्यावरच म्हातारीचा रविवार साजरा व्हायचा.

लेक हसता हसता सगळं ध्यानात ठेवत होती, हे तिला कसं कळावं?

लिंडसे एका वेबसाइटसाठी लिहायची. कुठे घर घ्यावं, कुठे राहावं, कुठे राहू नये, असले सल्ले. तिचं लग्न ठरलं, पण शिकागोतल्या हॉलचं भाडं ऐकून नवऱ्यामुलाचे, ग्रॅहमचे, डोळे पांढरे झाले आणि लग्न माहेरी, यंग्जटाउनलाच करायचं ठरलं. त्या भरात तिनं एक लेख लिहून टाकला, ‘मध्यम शहरात राहण्याचे फायदे आणि तोटे’. पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं. मनात काहीच नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

फायदे बरे लिहिले होते. घरं स्वस्त, गाडी हवी तिथे लावा, दवाखान्यात गेलात तर नर्स तुमच्या वर्गातली निघते, आणि घरात कोणी वारलं की संध्याकाळपर्यंत ओसरीवर झाकलेल्या भांड्यांची रांग लागते. तोट्यांत तिनं लिहिलं की धड एकच रेस्टॉरंट, भेटेल तो ‘शाळा कुठली’ म्हणून विचारतो, आणि शाळेत ज्यानं तुम्हाला सोडलं तोच आता तुमचं बँकेतलं खातं सांभाळतो. चौथा तोटा होता लग्नातलं कुकीजचं टेबल.

‘आमच्याकडे लग्नात केकला कोणी विचारत नाही,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘नात्यातल्या आणि बिननात्याच्या सगळ्या मावश्या महिनाभर कुकीज भाजतात आणि भिंतभर लांब टेबल भरून टाकतात. नाही म्हणायची सोय नसते. माझी आई म्हणते, रोझमेरीच्या पिझेल्यांनी, त्या चपट्या इटालियन कुकीजनी, घराचं छप्पर शाकारता येईल. आयरीनच्या अक्रोडाच्या कुकीज एका लग्नात तोंडात टाकाव्यात आणि दुसऱ्या लग्नात गिळाव्यात. आई म्हणते, निदान वाऱ्यानं टेबल तरी उडत नाही.’

खाली रोझमेरी पलांते आणि आयरीन वार्गो अशी आडनावं घातली नव्हती, एवढीच काय ती कृपा. पण आपल्या चर्चमध्ये रोझमेरी एकच आणि आयरीनही एकच.

खेडं असतं तर रोझमेरी त्याच संध्याकाळी दाराशी येऊन चार शिव्या हासडून गेली असती आणि आठवड्यात सगळं निवळलं असतं. शिकागो असतं तर तिला पत्ताच लागला नसता. मध्यम शहराची गंमतच वेगळी. इथे बातमी घरोघर पोचते आणि भांडण मात्र होत नाही.

गुरुवारी डोलोरेस तळघरात गेली. बायकांनी तिच्यासाठी नेहमीची खुर्ची राखून ठेवली होती. रोझमेरीनं पिठाचा गोळा तिच्याकडे सरकवला.

“लेख छान लिहिलाय हं लिंडसेनं,” रोझमेरी म्हणाली. “फायदे तर अगदी तंतोतंत.”

“अगं रोझमेरी, त्या पोरीनं काहीतरी भलतंच…”

“भलतं काय त्यात? गंमत आहे. आम्हाला काय गंमत कळत नाही?”

आयरीन कडा दाबत होती, तिनं मान वर केली नाही. “मला तर बाई हसूच आवरेना. आमच्या रॉनला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो पण हसला. कवळी काढून ठेवलेली होती, तरी हसला.”

सगळ्या हसल्या. डोलोरेस तर सगळ्यांत मोठ्यानं हसली. कोणी रागावलं नव्हतं. त्याचीच तिला भीती वाटली.

घरी येऊन तिनं लेकीला फोन लावला. “ते आधी काढून टाक.”

“आई, काय बोलतेस! केवढ्या लोकांनी वाचलंय माहितीये? सगळ्यांना तुझीच वाक्यं आवडलीत. ऑफिसात लोक तुझी चौकशी करतात.”

“इथल्या बायकांच्या जिव्हारी लागलंय.”

“मग टेबल ठेवूच नको ना. ग्रॅहमच्या मम्मी म्हणत होत्या, छोटे छोटे फ्रेंच केक मागवू.”

“टेबल नाही?” डोलोरेस किंचाळलीच. “टेबल न ठेवता लग्न? तू दुसऱ्या दिवशी विमानात बसशील गं. मला इथे मरायचंय. माझी पेटी उचलायला माणसं लागतील की नाही?”

लिंडसे हसली. तिला वाटलं, आई पुन्हा विनोद करते आहे.

विनोद नव्हता. बाहेरून येऊन राहिलेल्या एका घरातल्या लग्नात टेबलावर जेमतेम तीन ताटल्या आल्या होत्या. त्या मुलीला आता मोठी मुलं आहेत, पण तिचा विषय निघाला की लोक अजून त्या तीन ताटल्यांपासून सुरुवात करतात. आपल्या लेकीचं टेबल रिकामं राहिलं तर आपल्याला हे शहर उरलं नाही, हे डोलोरेसला स्पष्ट दिसत होतं. आणि शहर नाही तर काय? पायऱ्या चढताना धाप लागणारी एक बाई, स्टॅनची खुर्ची आणि रविवारचा फोन.

या भीतीत तिनं एक चूक केली. कुकीज आणाल का, असं कोणी कोणाला विचारत नाही. त्या येतात. विचारलं म्हणजे तुमच्या येण्यावर माझा भरवसा नाही, असं तोंडावर सांगितल्यासारखं. तरी डोलोरेस रोझमेरीच्या दारात जाऊन उभी राहिली. माफी मागायला गेली होती, पण दार उघडल्यावर तोंडातून भलतंच निघालं.

“रोझमेरी, आणशील ना गं?”

रोझमेरीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. “हे काय विचारणं झालं, डॉली? लिंडसेला मी अंगाखांद्यावर खेळवलंय.”

“त्या लेखाबद्दल मला तुझी माफी…”

“कसली माफी? वेडी की काय तू!” आणि रोझमेरी गोड हसली, आत ये म्हणाली नाही, आणि ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलंय म्हणून तिनं दार लावून घेतलं. ओव्हनचा वास मात्र कुठेच नव्हता.

डोलोरेसनं मनाची समजूत घातली. अजून एक वाट होती. लग्नात प्रत्येक बाई कुकीज आणते त्या स्वतःच्या जड ट्रेमधून. ट्रेखाली चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलेलं असतं. लग्नानंतर नवरीच्या आईनं एकेक ट्रे घरी नेऊन द्यायचा, आणि रिकामा नाही, वर काहीतरी घालून. मग समोरची कॉफी ठेवते, दोघी स्वयंपाकघरात बसतात, आणि तिथे काय वाटेल ते बोलता येतं. चर्चमधली निम्मी भांडणं असल्याच ट्रेपायी मिटली होती. आपण एकेकीच्या घरी जाऊ, तिनं ठरवलं. रोझमेरीकडे सगळ्यांत शेवटी, अक्रोडाचा रोल घेऊन. कॉफी पुढ्यात आली की हात धरून सांगू, बाई, माझी जीभ सडली मेली, विसर.

तरी तिनं स्वतः वेड्यासारख्या कुकीज भाजल्या, म्हणजे कोणीच आलं नाही तर निदान टेबलाचं एक टोक भरेल.

लग्न दुपारी लागलं. चर्चमधले फोटो संपवून ती हॉलवर पोचली, दार ढकललं आणि जागच्या जागी थांबली.

टेबल ओसंडत होतं. बडीशेपेच्या वासाच्या, जाळीदार पातळ पिझेल्यांच्या उतरंडी होत्या. जर्दाळू भरलेल्या घड्या, साखरेत लोळवलेले अक्रोडाचे गोळे, दोन अर्धुकं जोडून केलेल्या लालपिवळ्या पीच कुकीज, लिंबाच्या स्वादाच्या, गाठीसारख्या वळलेल्या कुकीज. प्रत्येक ट्रेवर कागदाची लेस पसरलेली, तिच्या कडा खाली लोंबत होत्या. स्टॅनच्या बहिणीच्या लग्नातसुद्धा असं टेबल लागलं नव्हतं. शिकागोचे पाहुणे मोबाइल काढून फोटो घेत होते. डोलोरेस ढसाढसा रडली. किती वाईट विचार केला आपण, तिला वाटलं. किती मोठ्या मनाच्या बायका या!

जेवणं झाली. केक कापला. आता खरं तर झुंबड उडायची वेळ. टेबलाच्या टोकाला कागदी डबे रचलेले असतात, त्यात पाहुण्यांनी कुकीज भरून घरी न्यायच्या. एरवी मावश्या पर्समध्ये घरच्या पिशव्याही लपवून आणतात, आणि पीच कुकीजवरून सख्ख्या जावांत धक्काबुक्की होते. आज शिकागोकर एकेक उचलून जात होते. चर्चमधलं एकही माणूस उठलं नाही. चर्चच्या बायका आपापल्या टेबलांशी कॉफी घेत शांत बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.

डोलोरेसनं थोडी वाट पाहिली. मग एक ताटली भरली आणि रोझमेरीच्या टेबलाशी गेली.

“घे ना गं. तुझ्याच पिझेल्या आहेत.”

“नको बाई,” रोझमेरी म्हणाली. “या वयात दात जपावे लागतात.”

“आयरीन, तू तरी?”

“मला डॉक्टरनं कडक बंद केलंय.” आयरीननं कॉफीचा घोट घेतला. “आणि आता खाल्ली तर पुढच्या लग्नापर्यंत चावत बसायचं ना?”

टेबलाभोवती मंद हसू फिरलं. आयरीनच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, रॉनच्या, यातलं काही लक्षात आलं नाही, त्यानं ताटलीकडे हात नेला. आयरीननं त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि त्यानं हात मागे घेतला.

डोलोरेस ताटली घेऊन प्रत्येक टेबलाशी गेली. थांबायला हवं होतं, पण पाय थांबेनात. कोणाला साखर होती, कोणाचं पोट भरलं होतं, कोणी नुकतेच दात घासले म्हणालं. सगळे हसतमुख होते. सगळ्यांनी लग्न फार सुंदर झाल्याचं सांगितलं. भरलेली ताटली तशीच घेऊन ती परत आली, तेव्हा लाजेनं तिचे कान जळत होते.

लिंडसे नाचून घामाघूम होऊन आली. “आई, बघ किती उरल्यात! केवढं करून आणलंय गं या बायकांनी! आता मला यावर फायदा म्हणून लिहावं लागणार.” तिनं एक पीच कुकी तोंडात कोंबली, आईच्या गालाची पापी घेतली आणि परत नाचायला पळाली. डोलोरेसला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लेकीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दिवेलागणीला बायका निघाल्या. दर लग्नात त्या बाह्या सरसावून आवरायला थांबतात. आज एकेकीनं गळ्यात पडून निरोप घेतला. रोझमेरीनं तर तिचे दोन्ही गाल धरले.

“उरलेल्या घरी ने हो, डॉली. तुला हिवाळाभर पुरतील.”

उद्यापासून हीच रोझमेरी किराणा दुकानात भेटणार होती, चर्चमध्ये भेटणार होती, आणि प्रत्येक वेळी अशीच गोड बोलणार होती. दुकान एकच, चर्च एकच.

हॉलवाल्यांनी घाई चालवली, म्हणून डोलोरेस एकटीच टेबल आवरू लागली. निदान ट्रे तर आहेत, तिच्या मनात आलं. दारं तर उघडावीच लागतील त्यांना. तिनं पहिल्या ट्रेमधल्या पिझेल्या खोक्यात काढल्या, कागदाची लेस उचलली आणि नाव बघायला ट्रे उलटा करू लागली. ट्रे हातातच वाकला.

पातळ पत्र्याचा होता. डॉलरच्या दुकानात गठ्ठ्यानं मिळतात तसला, एकदा वापरून फेकायचा. खाली नाव नव्हतं.

तिनं दुसरा रिकामा केला, तिसरा केला. मग कुकीज खोक्यात न घालता नुसत्या टेबलावर ओतत सुटली. प्रत्येक लेसखाली तोच पत्रा. ज्या बायकांचे ट्रे तिला झाकल्या डोळ्यांनी ओळखता आले असते, त्या सगळ्यांनी ठरवून हे आणले होते. साऱ्या टेबलावर एकच ट्रे जड निघाला. त्याच्या खालच्या चिकटपट्टीवर स्टॅनच्या अक्षरात ‘हुडाक’ लिहिलेलं होतं.

परत करण्यासारखं काही नव्हतं. कोणाच्या घरी जायचं कारण नव्हतं.

ती खुर्चीत बसली. समोर पिझेल्यांचा ढीग होता, एक तिनं उचलून तोंडात घातली. कुरकुरीत, हलकी, जिभेवर ठेवताच विरघळली. रोझमेरीच्या हातून इतकी सुरेख पिझेली कधी उतरली नव्हती. हे सांगायला डोलोरेसनं सवयीनं मान वळवली, पण हॉलमध्ये फक्त खुर्च्या रचणारा माणूस होता.