जिवंत दगड

भावाचे दोन महिने उरलेत असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी अक्काने काचेची टाकी घरी आणली. साठ लिटरची. टेबल डुगडुगत होतं म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि पलंगावर पडल्या पडल्या नजर जाईल अशी ती टाकी भिंतीशी लावली. शेजारच्या शिंपीणकाकूंनी दारातून डोकावून विचारलं, "अहो, आजारी माणसाच्या खोलीत हे काय खूळ?"

"खूळच आहे," अक्का म्हणाली. वीस वर्षांच्या शेजारामुळे काकूंना ठाऊक होतं, की ही बाई स्वतःच कबूल झाली म्हणजे पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

खूळ खरं तर भावाचं. ऐन उमेदीत तो पाणबुड्या होता, जहाजांच्या बुडाची डागडुजी पाण्याखाली जाऊन करायचा. पुढे कान दुखायला लागले म्हणून वर जमिनीवर आला, तर तिथे जहाजांचे गंजके पत्रे घासायचं काम मिळालं. ती धूळ त्याने बारा वर्षं छातीत भरून घेतली. समुद्राने त्याचं काही वाकडं केलं नाही, जमिनीने केलं. आता नुसती कूस बदलली तरी धाप लागायची. एका दुपारी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करत तो म्हणाला, "अक्का, प्रवाळात ते नारिंगी मासे असायचे बघ, बोटाएवढे. मी कामात असलो की माझ्या तोंडावरच्या काचेवर धडका द्यायचे. जसं काही मी त्यांचंच घर फोडायला आलोय. एकदा बघायला हवा होता तसला."

अक्काने फोनवर व्हिडिओ लावून दिला. त्याने दोन मिनिटं पाहिला आणि फोन परत दिला. "हा मला कुठे बघतोय?" म्हणाला.

झालं. अक्काने डोक्यात घेतलं.

शोभेच्या माशांच्या दुकानातला मासेवाला संथ माणूस होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बोलणारा. गाळलेल्या पाण्यात मीठ किती घालायचं, पाणी कोमट कसं राखायचं, पाणी खेळतं ठेवायला पंप कुठे बसवायचा, सगळं त्याने सावकाश समजावलं. मग ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड काढले. भोकाभोकांचे, जांभळट.

"हे जिवंत दगड. मासा सगळ्यांत शेवटी न्यायचा, आधी पाणी पिकू द्यायचं."

"पाणी पिकतं?"

"मासा टाकीत घाण करणार. ती घाण म्हणजे विष. ते खाणारे जंतू या दगडांत राहतात. त्यांना टाकीत रुळायला महिना-सव्वा महिना लागतो. त्याआधी मासा सोडलात, तर स्वतःच्याच घाणीत गुदमरून मरेल."

अक्काने मान डोलावली. पण अठ्ठावीस वर्षं ती इस्पितळातल्या निर्जंतुक करायच्या खोलीत होती. ऑपरेशनची हत्यारं उकळायची, वाफवायची. सगळे तिला वाफबाई म्हणत. प्रत्येक ट्रेवर कागदाची एक पट्टी असे. वाफ पुरती लागली की पट्टी काळी पडे, आणि पट्टी काळी पडल्याशिवाय वाफबाईच्या हातून ट्रे सुटत नसे. एकदा एक मोठे सर्जन दाराशी येऊन आरडाओरडा करून गेले, ही ढिम्म हलली नाही. अशा बाईला जंतू पाळा म्हणून सांगायचं!

घरी आल्यावर तिने वर्तमानपत्र उलगडलं. दगडाच्या भोकातून एक लालसर, केसाळ किडा बाहेर आला आणि ओट्यावर चालू लागला. तिच्या अंगावर काटा आला. भावाला जंतुसंसर्ग झाला तर संपलंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मासेवाल्याचे जंतू असतील चांगले, पण त्याच्या घरात असा छातीचा रोगी नव्हता. आणि जंतूंचं काय, पाण्यात आपोआप नवे येतील, अशी तिने मनाची समजूत घातली. कानांनी अर्धा तास ऐकलं होतं, हातांना अठ्ठावीस वर्षांची सवय होती. हातांनी घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं काढलं आणि दगड वीस मिनिटं खळखळ उकळले. मग ब्रशने घासून लख्ख केले. घरभर दोन दिवस कुजका वास राहिला.

"कसला वास गं?" भावाने विचारलं.

"समुद्राचा."

"समुद्राला असा वास नसतो," तो म्हणाला आणि डोळे मिटून पडला.

मासेवाल्याने पाणी तपासायची बाटली दिली होती. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर विष. अक्का रोज सकाळी नळी खिडकीत उजेडाला धरी. हिरवं. पहिला आठवडा हिरवं, दुसरा हिरवं. भाऊ पलंगावरून विचारी, "पिकलं का?" आणि ती म्हणे, "पिकतंय." चोविसाव्या दिवशी ती बाटलीत पाणी भरून दुकानात गेली.

मासेवाल्याने पाणी तपासलं आणि तिच्याकडे बघितलं. "दगडांना काय केलंत?"

तिने सांगितलं. त्याने चष्मा काढला.

"बाई, तुम्ही अख्खं गाव उकळलंत."

पुन्हा नवे दगड, पुन्हा पहिल्यापासून महिना. त्याच आठवड्यात डॉक्टर येऊन गेले. जिन्यात हलक्या आवाजात म्हणाले, "आता महिन्याच्या गोष्टी नकोत. दिवस मोजा." अक्का जिन्यात उभीच राहिली. रोगाने घेतले ते दिवस वेगळे, पण हे चोवीस दिवस तिने स्वतःच्या हाताने घालवले होते. ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नव्हते.

नवे दगड टाकून नऊ दिवस झाले. नळी हिरवीच. भाऊ आता जेवत नव्हता, बोलणंही चार शब्दांवर आलं होतं. दहाव्या दिवशी अक्का दुकानात गेली आणि मासेवाल्याच्या तोंडावर सांगितलं, "पिवळं आलं." आयुष्यात तिने हत्यार धुतलंय का, पट्टी काळी झाली का, याबाबत कधी खोटं सांगितलं नव्हतं. मासेवाल्याने विश्वास ठेवला. असल्या चेहऱ्यावर कोण ठेवणार नाही?

मासा बोटाएवढा होता, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. टाकीत सोडला तसा कोपऱ्यात दडून बसला. मग हळूहळू काचेशी आला. भावाने उशीवरून मान वळवली आणि बोट हलवलं. माशाने बोटाच्या दिशेने काचेला धडक दिली.

भाऊ हसला. हसण्याने खोकला आला, खोकल्याने ओठ निळे पडले, तरी तो हसतच होता. "अजून राग गेलेला नाही याचा," म्हणाला. तो दिवस अक्काच्या गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यांत चांगला दिवस होता, तो खोटं बोलून मिळवला असला तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासा पाण्याच्या वरच्या थरात गेला आणि तिथेच राहिला. कल्ले भराभर उघडमीट करत होते. अक्काने सकाळीच अर्धं पाणी बदललं होतं. उपयोग झाला नव्हता.

"अक्का," भाऊ म्हणाला, "याला दम लागलाय."

"नवी जागा आहे. रुळेल."

"दम लागणं मला शिकवू नकोस."

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं बोलली. उकळलेले दगड, हिरवी नळी, दुकानातलं खोटं. त्याने शांतपणे ऐकलं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"परत देऊन ये," तो म्हणाला.

"तुला बघायचा होता ना?"

"बघितला." त्याने दोन श्वास घेतले. "आता माझ्यासमोर असा मरायला नको. जा. आत्ता जा."

शिंपीणकाकूंना भावापाशी बसवून अक्का पिशवीत मासा घेऊन बसने गेली. उभ्याने, पिशवी पोटाशी धरून. मासेवाल्याला खरं काय ते सांगितलं. त्याने मासा दुकानातल्या चांगल्या पाण्यात सोडला. मासा आडवा होऊन तळाला गेला.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "जगतो की नाही ते तासाभरात कळेल."

अक्का गेली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. नुसतं "देऊन आले" असं भावाला जाऊन काय सांगायचं? जगला असं सांगायला हवं होतं. पाऊण तास मासा हलला नाही. मग एक पंख हलला. मग तो सरळ झाला, आणि मासेवाल्याने टाकलेला दाणा त्याने झडप घालून खाल्ला. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. बसमध्ये ती ते वाक्य मनाशी घोळवत होती, कुठून सुरुवात करायची, दाण्याचं आधी सांगायचं की नंतर.

शिंपीणकाकू जिन्यात उभ्या होत्या. खोलीत एकटीला थांबवेना म्हणून बाहेर आल्या होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघूनच अक्काला कळलं.

"अर्धा तास झाला," काकू म्हणाल्या. "मी नाकातली नळी सारखी केली हो, यंत्र चालू होतं. पण काही उपयोग नाही झाला. दोनदा विचारलं त्यांनी, अक्का आली का. मी म्हटलं, येतीलच आता."

अर्ध्या तासापूर्वी ती दुकानात स्टुलावर बसली होती. जा म्हणून मासेवाल्याने सांगितलं होतं, तेव्हा निघाली असती तर पोहोचली असती.

"मासा वाचला," अक्का म्हणाली.

काकूंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"मासा वाचला. दाणा खाल्ला त्याने." तिने ते सगळं, जसं ठरवलं होतं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत काकूंना सांगितलं. काकूंनी मधे तोडलं नाही. ती सांगून संपल्यावर त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला वर घेऊन गेल्या.