वरच्या तळ्याची वाट

उंबरखोंडहून वरच्या तळ्याकडे जाणारी वाट कुणाला तरी बघत बसावं लागतं, नाहीतर ती मोडते. पायथ्याला एक सपाट दगड आहे. बघणाऱ्याने त्यावर बसायचं आणि बाकीचे वर जाऊन परत येईपर्यंत नजर हलवायची नाही. पापणी लवली तर चालतं. वाट हातभर तुटते आणि लगेच जुळते, चालणाऱ्याला फक्त ठेच लागल्यासारखं होतं. मान वळवली की मात्र संपलं. वाट जंगलात शिरल्यावरही बघायची असते. कशी, ते बसल्यावर समजतं.

आमच्या शाळेची सहल दर वर्षी दिवाळीनंतर तिथे जाते, आणि सहावी, सातवी, आठवी अशी सलग तीन वर्षं त्या दगडावर मी बसले. भालेकर सर म्हणायचे, "तेजल घोलपसारखी नजर अख्ख्या शाळेत नाही." खरंच नाही. मी बघितलेली वाट इस्त्री केल्यासारखी सरळ असते, दीड तासात सगळे वर. सातवीत मला एकदा शिंक आली तेव्हा दोन वळणं गेली आणि सरांना करवंदीच्या जाळीतून यावं लागलं. त्या पँटची गोष्ट ते अजून सांगतात. माझ्याकडे तीन प्रशस्तिपत्रकं आहेत. तळं मी पाहिलेलं नाही.

परत आलेल्यांचे पाय ओले असायचे. मी विचारायचे, "कसं आहे तळं?"

"तळ्यासारखं तळं."

"मोठं आहे?"

"आहे की."

एवढ्याशा उत्तरासाठी मी अख्खा दिवस मान धरून बसलेली असायचे.

पण या वर्षी मी जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. नऊशे माणसांसमोर सात मिनिटं बोलले, कागदाकडे एकदाही न बघता. तेव्हापासून मला हात वर करायला वेळच लागत नाही. आणि दहावीला सहल नसते, म्हणजे हे शेवटचं वर्ष. सरांनी सहलीची यादी वाचून संपवली तशी मी उभी राहिले.

"सर, या वर्षी मी वर जाणार."

"मग वाट कोण बघणार?"

"डोळे सगळ्यांना आहेत, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मग माझ्या बाकावरची नाझनीन मुल्ला म्हणाली, "मी बसते सर. हिला एकदा जाऊ द्या. दर वर्षी येताना गाडीत हिचं फुगलेलं तोंड मलाच बघावं लागतं."

दगडाच्या बाजूलाच हौसामावशींचं घर आहे. सहलीच्या दिवशी त्या नेहमीसारख्या वाटीत तेल घेऊन आल्या. "डोळ्यांत तेल घालून बघ गं बाई," म्हणत त्यांनी नाझनीनच्या दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब सोडले.

"झोंबतंय, मावशी."

"झोंबू दे. पेंग येत नाही."

मी तिला म्हटलं, "नाझ, इकडेतिकडे बघू नकोस."

"अगं जा ना. नऊशे लोकांसमोर बोललीस, आता बत्तीस जणांबरोबर चाल."

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग वाट डावीकडे वळली आणि एका गोठ्यापाशी गेली. तिथे सकाळीच शेळी व्यायली होती. वाटेने गोठ्याला दोन फेऱ्या मारल्या, म्हणून आम्हीही मारल्या. पुढे ती एका पिवळ्या फुलपाखरामागे ओढ्यापर्यंत उतरली आणि तिथून तशीच परत वर आली. जंगलात ऐनाच्या एका झाडावर शेकरू बसलं होतं. वाट खोडावरून त्याच्यापर्यंत चढली होती. आम्ही रांगेने झाडावर चढलो, शेकरू पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने उतरलो. सरांना उतरायला दोघांनी हात दिला.

कुणाल तोडकर म्हणाला, "या वाटेची पार वाट लागली."

"तेजलच्या वेळी असं नव्हतं," मागून कुणीतरी म्हणालं. मग एकेक करून सगळेच ते म्हणाले.

"मी इथेच आहे," मी म्हटलं.

"तोच तर प्रॉब्लेम आहे," कुणाल म्हणाला.

दुपारी नाझनीनला पेंग आली असावी, कारण वाट बारीक होत गेली. आधी पावलाएवढी, मग वहीच्या समासाएवढी, मग रेघेएवढी. आम्ही एका पावलापुढे दुसरं ठेवत जंगलाबाहेर आलो. समोर शेवटचा चढ होता, डोक्याएवढं वाळलेलं गवत आणि वर खिंड. वाट तिथे संपली होती. फीत कापल्यासारखी. खिंडीपलीकडून पाण्याचा वास येत होता.

सरांनी रुमालाने मान पुसली. "तेजल, जरा बस इथे."

"सर, या वर्षी मी..."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे. आम्ही वर पोचलो की तिकडून कुणीतरी तुझ्यासाठी बघेल."

"कोण?"

"कुणीही. डोळे सगळ्यांना आहेत."

मी बसले आणि बघितलं. मला साधा प्रयत्नही करावा लागला नाही, याचाच जास्त राग आला. गवत दोन्ही बाजूंना झालं आणि वाट थेट खिंडीपर्यंत गेली. सगळे माझ्या बाजूने पुढे गेले. प्रत्येकाने थँक्यू म्हटलं. कुणाल म्हणाला, "भारी वाट आहे राव." खिंडीत मला त्यांच्या पाठी दिसल्या, मग त्याही दिसेनात. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. एकाचंही तोंड माझ्याकडे वळलं नाही. मग कुणीतरी पाण्यात उडी मारल्याचा आवाज आला, आणि त्यामागे सगळ्यांच्याच उड्यांचा.

"कुणीतरी बघा ना," मी ओरडले. जिल्ह्यात पहिला आलेला आवाज आहे तो.

"बघतो, बघतो," सरांचा आवाज आला. कुणी बघितलं नाही.

इतक्यात मागून कारवी मोडत नाझनीन आली आणि माझ्या शेजारी बसली. तिचे हात ओरखडलेले मला नजरेच्या कडेला दिसले.

"तू इथे?"

"कंटाळा आला. मावशी पण जेवायला गेल्या."

"आणि खालची वाट?"

"मोडली."

"मग तू आलीस कशी?"

"चढ होता तिकडे चढत आले."

तेवढ्यात नाझनीनचा आवाज ऐकून खिंडीमागून सर ओरडले, "तेजल, खालची वाट मोडलेली दिसतेय. तीही बघ."

"दोन्हीकडे कशी बघू, सर?"

"ते तू ठरव. हुशार आहेस तू."

मग मी ठरवलं. वरून बघितलं तर दोन्ही वाटा एकाच नजरेत येतात. फक्त वर जायचं ते पाठमोरं. मी नाझनीनला सांगितलं. तिने माझ्या दप्तराचा वरचा पट्टा धरला. मी उठले आणि खाली तोंड केलं. पाठीमागे खिंडीची वाट फाटत गेल्याचा आवाज झाला, जुन्या चादरीसारखा. तिच्यावर कुणी नव्हतं. मी गवतात टाच टाकली. मग दुसरी. पाय उचलला की जिथे तो होता तिथे, माझ्या डोळ्यांसमोर, वाट तयार होत होती. मागे मात्र नुसतं गवत आणि नाझनीनची ओढ.

हळूहळू खालचं जंगल नजरेत आलं. वाट ऐनाच्या झाडाला वळसा न घालता, ओढ्याकडे न उतरता, गोठ्याकडे ढुंकूनही न बघता पायथ्यापर्यंत गेली. इतकी चांगली मी कधीच बघितली नव्हती.

खिंडीत वारा गार लागला. पट्ट्याची ओढ थांबली.

"दिसलं?"

"हं."

"कसं आहे?"

"तळ्यासारखं," ती म्हणाली.

"नाझ."

"खरंच गं. तू वाट बघ."

ती पुन्हा ओढू लागली. थोड्या वेळाने बुटांत पाणी शिरलं. घोटे बुडाले, मग पोटऱ्या, मग गुडघे, तेव्हा ती थांबली. गुडघ्याच्या मागच्या खळगीला एक मासा लागून गेला. इतक्या गार पाण्याचा मी तीन वर्षांत कधी विचारही केला नव्हता. मागे पोरं हसत होती, कुणीतरी कुणाला तरी बुडवत होतं.

सरांनी शिट्टी वाजवली. "चला, वाट चांगली आहे तोवर निघू."

सगळे माझ्या दोन्ही बाजूंनी निथळत पुढे आले आणि वाटेला लागले.

"सर, मी एकच मिनिट मागे बघू?"

"सगळे खाली पोचले की बघ निवांत. मध्येच वाट गेली तर पोरं जंगलात अडकतील."

ते खरंच होतं. नाझनीनने पट्टा सोडला. "मी खाली पोचले की तुझ्यासाठी बघते. शपथ."

"तू इकडेतिकडे बघशील."

"नाही बघणार," ती म्हणाली, आणि चालताना तिची मान कुठल्यातरी पाखरामागे वळली.

रांग लहान होत गेली. सर पुढे, नाझनीन शेवटी. रांगेचं टोक आत्ता कुठे जंगलाशी पोचलं होतं, म्हणजे अजून तासभर तरी. मागे आवाज नव्हता. तळ्याकडे आता कुणीच बघत नव्हतं. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही. पाणी गुडघ्यांवरून पोटऱ्यांवर आलं, मग घोट्यांवर.